गाडी विकली तरी मालक तुम्हीच: रस्त्यावरचे शब्द आणि त्यांचे कायद्यातले अर्थ

रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी त्यांची जुनी स्कूटर तीन वर्षांपूर्वी विकली. रोख पैसे घेतले, आरसी दिली, दोन-तीन फॉर्मवर सह्या केल्या. घेणारा म्हणाला, "नावावर मी करून घेतो, तुम्ही काळजी करू नका." काकांनी काळजी केली नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या नावाने समन्स आलं. त्या स्कूटरने महू नाक्याजवळ एका माणसाला धडक दिली होती, विम्याची मुदत संपलेली होती आणि नुकसानभरपाईच्या दाव्यात काका प्रतिवादी होते.

"अगं, पण ती गाडी माझी नाहीच आता," काका मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताच्या दाव्यांचंच काम करते, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ऐकताना पोटात खड्डा पडतो. कारण काकांच्या बोलण्यात 'माझी गाडी' म्हणजे माझ्या दारात उभी असलेली, किल्ली माझ्याकडे असलेली गाडी. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र 'मालक' म्हणतो तो ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे त्याला. कर्जावर किंवा भाडेपट्ट्याने घेतलेली गाडी ज्याच्या ताब्यात असेल तो मालक, आणि नोंदणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावावर असेल तर त्याचा पालक. हे अपवाद सोडले तर नोंदणी पुस्तकातलं नाव हेच उत्तर. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती. कोर्टाने जबाबदारी पहिल्यावरच टाकली. त्यामागचा विचार मला पटतो. अपघातात पाय गमावलेल्या माणसाने गाडी कोणाकोणाच्या हातातून गेली याचा शोध घेत गावभर फिरायचं का?

म्हणून विकताना फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याचं आरटीओला कळवणारा फॉर्म भरून, त्याची पोच हातात आल्याशिवाय विक्री पूर्ण झाली असं समजू नका. त्याच राज्यात विकत असाल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, दुसऱ्या राज्यात विकत असाल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. आपल्याकडे घेणाऱ्याचं काम सगळ्यांना माहीत असतं, विकणाऱ्याचंही स्वतंत्र काम आहे हे फार थोड्यांना. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी वेगळे नियम आले. अशा डीलरकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की पुढची विक्री होईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. पण डीलर अधिकृत हवा आणि फॉर्म खरोखर भरलेला हवा.

घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याची गाडी तशीच वापरत राहतात, तेही इथेच सांगून टाकते. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला ती गाडी तीन महिने वापरता येते, आणि तेवढ्या काळात ती नावावर करून घ्यायची असते. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही. पण वर्षानुवर्षं तसंच चालत राहिलं की एक दिवस विमा कंपनी बोट ठेवते.

चालानचंही तसंच. इंदूरात आपण 'चालान कटलं' म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात दंडाची पावती असते. प्रत्यक्षात चालान म्हणजे तुमच्याविरुद्ध केलेली तक्रार, जी शेवटी न्यायालयात जाऊ शकते. जागेवर किंवा पोर्टलवर आपण जे पैसे भरतो त्याला कायदा 'शमन' म्हणतो, म्हणजे ठरलेली रक्कम घेऊन प्रकरण मिटवणं. पैसे भरले की त्या गुन्ह्याचा खटला पुढे चालत नाही. न भरले तर ते आपोआप विरूनही जात नाही, कोर्टाकडे जातं. तुमची चूक नव्हती असं वाटत असेल तर शमन नाकारून कोर्टात म्हणणं मांडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चौराह्यावरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चालानासाठी २०२१ मध्ये नियम आले. त्यांनुसार नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची आणि सोबत फोटोचा पुरावा, जागा, तारीख, वेळ द्यायची. ही नोटीस जाते नोंदणीकृत मालकाकडे. म्हणजे विकलेल्या गाडीचं लालबत्तीचं चालानही काकांच्याच मोबाइलवर. आणि मोबाइलवर चालान म्हणून एखादी फाइल उघडायला सांगणारा संदेश आला तर ती उघडू नका. परिवहनच्या सरकारी पोर्टलवर गाडीचा नंबर स्वतः टाकून बघा.

आता 'सार्वजनिक जागा' हा शब्द घेऊ. लायसन्स, हेल्मेट, विमा या सगळ्या अटी कायद्याने या दोन शब्दांवर टांगलेल्या आहेत. लायसन्सशिवाय 'सार्वजनिक जागी' गाडी चालवायची नाही, विम्याशिवाय 'सार्वजनिक जागी' वापरायची नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे रस्ता. कायद्यातली व्याख्या रस्त्यापाशी थांबत नाही. रस्ता, गल्ली, वाट किंवा लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी इतर कोणतीही जागा, मग ती आरपार जाणारी असो वा नसो. शिवाय बसमध्ये प्रवासी चढतात-उतरतात तो थांबा. १९८८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हा हक्क मर्यादित असला, परवानगीने मिळणारा असला, वेळेच्या किंवा नियमांच्या बंधनात असला, तरी ती जागा सार्वजनिक ठरू शकते. तिथली जमीन खासगी मालकीची असल्याने फरक पडत नाही.

हे मी एवढं लांबवून सांगते आहे त्याला कारण आहे. सुट्टीच्या सकाळी दसरा मैदानावर जा. आठवी-नववीतली मुलं स्कूटर शिकताना दिसतील, मागे बाबा धावताहेत. "रस्त्यावर कुठे नेतोय, मैदानावरच तर आहे," हे वाक्य मी माझ्या नात्यातल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. मैदान लोकांसाठी खुलं आहे, म्हणजे लायसन्सची, विम्याची सगळी कलमं तिथेही लागू होतात. लग्नाच्या गार्डनचं पार्किंग, पेट्रोल पंपाचं आवार, मंदिरासमोरची मोकळी जागा यांचंही तेच. वयाची अट १८ वर्षांची. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, आणि घरात असते ती स्कूटर बहुतेक १०० सीसीच्या वरची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला कळूच दिलं नाही किंवा आपण रोखायचा पूर्ण प्रयत्न केला, हे पालकाने सिद्ध करायचं असतं. मागे धावणाऱ्या बाबांना ते कसं सिद्ध करता येईल?

मुलांसाठी म्हणून हल्ली घेतल्या जाणाऱ्या बॅटरीच्या स्कूटरवरही एक शब्द बघून घ्या: 'मोटार वाहन'. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, या सगळ्या अटींत बसणारी गाडीच मोटार वाहन धरली जात नाही. दुकानदाराने 'लायसन्स लागत नाही' म्हणून दिलेल्या गाडीचा वेग कोणी खटपट करून वाढवला, की त्या क्षणी ती मोटार वाहन होते. नोंदणी नाही, विमा नाही, चालवणारा अज्ञान.

विम्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा शब्द आहे 'थर्ड पार्टी'. पहिला पक्ष तुम्ही, दुसरा विमा कंपनी, आणि या दोघांखेरीज ज्याचं तुमच्या गाडीने नुकसान झालं तो तिसरा. रस्त्याने चालणारा, समोरच्या गाडीतला, ज्याची भिंत पडली तो. इथवर सोपं आहे. पण तुमच्या स्कूटरवर मागे बसलेली तुमची बायको, तुमचा मित्र? लोकांना वाटतं, तेही तिसरेच. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केवळ कायद्याने सक्तीची असलेली पॉलिसी घेतली असेल तर दुचाकीवर मागे फुकट बसलेला माणूस त्यात येत नाही. 'पॅकेज' किंवा सर्वंकष पॉलिसीत तो येतो. बाजारात हिलाच 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. कायद्यात फर्स्ट पार्टी नावाची पॉलिसी नाही, त्यामुळे एजंटाच्या तोंडच्या शब्दावर न जाता कागदावर काय छापलं आहे ते वाचा. स्वतः मालक गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा वेगळा असतो. घरातून एकच माणूस कमावत असेल तर हा कागद आज रात्रीच कपाटातून काढून बघावा इतका महत्त्वाचा आहे.

'हिट अँड रन'पाशी मला थोडं थांबायचं आहे. हा शब्द दोन कायद्यांत दोन अर्थांनी येतो. लोकांच्या बोलण्यात हिट अँड रन म्हणजे धडक मारून पळून जाणं. चालक पळाला, पण गाडीचा नंबर तुम्ही टिपलात, तरी बोलण्यात ते हिट अँड रनच राहतं. मोटार वाहन कायद्यात मात्र हिट अँड रन म्हणजे वाजवी प्रयत्न करूनही ज्या गाडीची ओळख पटली नाही तिने केलेला अपघात. पळाला की थांबला हा प्रश्नच नाही, ओळख पटली की नाही एवढाच प्रश्न. हा फरक माणसाच्या हातात किती पैसे पडणार ते ठरवतो. गाडी सापडलीच नाही तर केंद्राच्या २०२२ च्या योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. त्याआधी हे आकडे २५,००० आणि १२,५०० होते. हा अर्ज कोर्टात नाही, महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे एसडीएम किंवा तहसीलदारांकडे जातो. गाडी सापडली तर मात्र दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालतो आणि भरपाई जखमीचं वय, कमाई, अपंगत्व बघून ठरते. ती कितीतरी पट जास्त असू शकते. म्हणून 'गाडी पळून गेली, आता काय होणार' म्हणून हातपाय गाळू नका. जवळच्या दुकानाचा कॅमेरा, टोलनाक्याची नोंद, रस्त्यावर पडलेला दिव्याचा तुकडा, यांचा तपास व्हावा म्हणून पोलिसांकडे लेखी मागणी करा.

जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी संप केला तेव्हा पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. तो वाद दुसऱ्या कायद्यातल्या हिट अँड रनचा होता. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाचा दुसरा भाग सांगतो की निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता चालक पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. इथे सगळा भर पळून जाण्यावर आणि न कळवण्यावर आहे. बाकीची संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, हा भाग तेव्हा लागू केला नाही. चालकांची भीती होती ती जमावाची. थांबलो तर लोक मारतील, हे ते सांगत होते आणि ते खोटं नव्हतं. पण मोटार वाहन कायदाही आंधळा नाही. जखमीला मदत करणं हे चालकाचं कर्तव्य आहे, मात्र जमावाच्या रागामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे शक्य नसेल तर सूट आहे. अशा वेळी तिथून निघून सरळ पोलीस ठाण्यात जाता येतं.

मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसासाठीही कायद्याने एक व्याख्या केली आहे, 'गुड समॅरिटन'. सद्भावनेने, स्वतःहून, बक्षिसाची किंवा मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातस्थळी मदत करणारा किंवा जखमीला दवाखान्यात नेणारा. त्याच्या हातून मदत करताना काही कमीजास्त झालं तरी त्याच्यावर खटला होत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. आपल्याकडे 'नको, पोलिसांच्या फेऱ्यात कोण पडणार' म्हणून गर्दी नुसती बघत उभी राहते. ही भीती आता कायद्याला धरून नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्येच ती दूर केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाला कलमाचं बळ दिलं. २०२५ मध्ये गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याचं सरकारी बक्षीस ५,००० वरून २५,००० रुपये झालं, त्याचं नाव 'राहवीर'. वेळेत म्हणजे 'गोल्डन अवर'मध्ये. हा डॉक्टरांचा शब्द आता कायद्यातही आहे, आणि तिथे त्याचा अर्थ सरळ एक तास असा आहे: गंभीर इजेनंतरचा तो एक तास, ज्यात उपचार मिळाले तर मृत्यू टळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मे २०२५ पासूनच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार मिळू शकतात. भरती करताना हे मागून घ्या.

रोजच्या चालवण्यातले काही शब्द आता भराभर. पिवळा दिवा म्हणजे 'लवकर काढ' नव्हे. स्टॉप लाइनच्या मागे थांबायचं, फक्त अचानक थांबल्याने मागून धडक बसेल इतके पुढे आला असाल तर निघून जायचं. सिग्नल नसलेल्या चौराह्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, रोटरीत आधीच शिरलेल्याला आधी. ॲम्ब्युलन्सला वाट न देण्याचा दंड १०,००० रुपये. लाल दिवा तोडणं, उलट दिशेने चालवणं, फोन हातात धरून चालवणं हे २०१९ पासून 'धोकादायक चालवणं' या व्याख्येत नाव घेऊन आले आहेत. 'जरा पन्नास पावलं राँग साइडने' जाणाऱ्याला कायदा त्याच कलमात बसवतो. फोनवर फक्त रस्ता बघायला मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशी. दारूच्या प्रमाणाची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम.

'वापर' हा शब्द मात्र भराभर सोडण्यासारखा नाही. गाडी बंद आहे, कडेला उभी आहे, म्हणजे ती वापरात नाही असं आपण धरतो. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर रस्त्यावर सातारा जिल्ह्यात एक पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला. पेट्रोल गळत होतं, लोक जमले, आणि धडकेनंतर काही तासांनी स्फोट झाला. त्यात माणसं गेली. टँकर तर तासन्‌तास पडून होता, मग हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात कसा, असा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९९१ मध्ये कोर्टाने म्हटलं, 'वापर' म्हणजे केवळ चालणं नाही. उभी, बंद पडलेली, बिघडलेली गाडीही वापरात असू शकते. बिजासन घाटात किंवा बायपासवर अंधारात, मागचे दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकवर कोणी आपटला तर 'ट्रक तर उभाच होता' एवढ्याने ट्रकवाल्याची सुटका होत नाही. शहरातही धोक्याच्या जागी गाडी उभी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि जिथे पार्किंग मना आहे तिथून किंवा दहा तासांहून जास्त बेवारस उभी असलेली गाडी वर्दीतला पोलीस अधिकारी उचलून न्यायला सांगू शकतो.

शेवटी 'चूक'. तिघं एका मोटरसायकलवर होते, म्हणून भरपाई कापायची, असं विमा कंपन्या सर्रास म्हणतात. तिघं बसणं हा नियमभंग आहेच. पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या तिघांमुळेच अपघात झाला किंवा मार जास्त बसला हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. नियम मोडला, म्हणजे अपघातात वाटा आहे, असं आपोआप होत नाही. आणि चूक कोणाची या वादातच पडायचं नसेल तर १ एप्रिल २०२२ पासून दुसरी वाट आहे, ज्यात निष्काळजीपणा सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात.

इंदूरची मराठी माणसं वर्षातून दोन-चारदा धुळे, नाशिक, पुण्याच्या वाटेवर असतात. अपघात महाराष्ट्रात झाला तरी दावा तिथेच लावावा लागत नाही. तुम्ही राहता त्या इंदूरच्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. मुदत आता अपघातापासून सहा महिन्यांची आहे, तेरावा आणि वर्षश्राद्धाच्या मध्ये हे दिवस कधी निघून जातात ते कळत नाही.

काकांचा दावा अजून चालू आहे. स्कूटर घेणारा देवासला सापडला, त्याला पक्षकार करण्याचा अर्ज आम्ही दिला आहे. काकांच्या हातात फॉर्म २९ ची पोच नाही. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने जुनी कार डीलरला दिली, तेव्हा काका स्वतः सोबत गेले आणि २९सी ची प्रत छापून हातात येईपर्यंत तिथून हलले नाहीत.